गप्पी मासे

बाटली रेणव्वाच्या फळीवर ठेवली,
यल्लम्माच्या तसबिरीपासून वीतभर लांब,
मिठाची बरणी आणि मोबाईलचा चार्जर यांच्यामध्ये.
चोवीस तास हलवायची नाही, मी सांगितलं.
काळी झाली तर पाणी वाईट.
नाही झाली तर?
तर पुढच्या महिन्यात पुन्हा बघू, मी म्हटलं,
आणि तिनं माझ्याकडे पाहिलं
उधारी मागायला आलेल्याकडे पाहावं तसं.

वास्कोच्या टेकडीचा हा मागचा उतार.
वर खोल्यांच्या तीन रांगा, रांगेला एक संडास,
संडासाला एक खड्डा, तळ न बांधलेला.
खाली बांय. विहीर म्हटलं तर इथे कुणी वळून बघत नाही.
कठड्यावर सिमेंटचा क्रूस,
त्याच्या एका हातावर कुणाचा तरी ओला शर्ट.
आणि मधे सगळा जांभा.
तुम्ही चिरा फोडून पाहिलाय कधी?
आतून भोकंच भोकं.
घर बांधायला भक्कम,
गुपित राखायला कुचकामी.

पाणी मात्र नितळ.
तळाशी पडलेली स्टीलची वाटी दिसते,
तिच्यावर कोरलेलं नावही वाचता येईलसं वाटतं.
आनास्तासिया बाय, जिच्या जागेत ही बांय,
क्रूसाला हात लावून सांगते,
माझ्या सासूनं ह्याच पाण्यावर अकरा मुलं वाढवली.
तेव्हा वर काजू होते, असं मी म्हणत नाही.
तेव्हा वर काजूच होते.

आणि मासे.
मासे मीच सोडले, गेल्या साली,
मलेरियाच्या मोहिमेत, प्लास्टिकच्या पिशवीतून,
नखाएवढे, चाळीस. रजिस्टरात माझी सही आहे.
दुर्गप्पाचा पोरगा कठड्यावर ओणवा होऊन म्हणतो,
आता दोनशेवर झालेत. मासे जगतात
म्हणजे पाणी चांगलंच ना, ताई?
माझेच साक्षीदार, फुटलेले.
माशांना चाललं ते तुझ्या बहिणीला चाललं नाही,
चिखलीच्या इस्पितळात तीन दिवस सलाईन,
हे त्याला कुणी सांगायचं?
त्याला माहीत आहे. तो मासे मोजतो.

दुसऱ्या दिवशी बाटली काळी.
चहासारखी नव्हे, तव्याच्या बुडासारखी.
रेणव्वानं ती उजेडात धरूनही पाहिली नाही.

नळ एक दिवसाआड, पहाटे चाळीस मिनिटं.
मी पाठ केलेलं म्हणाले: उकळून प्या,
खळखळून उकळी फुटू द्या.
तिनं सिलिंडरवर बोटानं टिचकी मारली.
पोकळ आवाज.
घरात सहा माणसं, तूच हिशेब कर.
मी केला नाही. तिचा झालेला होता:
धाकटीचा पेला उकळायचा,
बाकीच्यांची पोटं कसलेली.
धाकटी शाळेत जायला लागली
की तिचंही कसलेलं धरायचं.

मग मडक्याला भोकं पाडून,
वाळू नि ब्लिचिंग पावडर भरून
ते दोरीनं बांयीत सोडलं.
तीन दिवस पाण्याला दवाखान्याचा वास,
तीन दिवस मला शिव्या, कानडीतून,
त्यातल्या दोन मला समजल्या.
चौथ्या दिवशी मडकं कठड्याखाली उपडं.

मी काढलं, पोरगा म्हणाला.
काड्यापेटी उघडून दाखवली:
आत दोन मासे, वाळलेले.
उलटे तरंगत होते, ताई. तुम्ही लिहून घ्या.

मी लिहून घेतलं.
नियमात हे कुठेच नाही,
पण तिन्हीसांजेपर्यंत आम्ही दोघं
कळशी सोडत होतो, ओढत होतो,
गाळणीत सापडतील तेवढे मासे धरत होतो.
आनास्तासिया बायनं जुनी बादली दिली,
देताना पुटपुटली, तिला हसू येत होतं की राग
ते कळलं नाही.

बादलीत पाणी कुठलं घालू? त्यानं विचारलं.
नळाचं आहे थोडं, आईनं झाकून ठेवलंय.

रेणव्वा दारात उभी होती.

बांयीचंच घाल, मी म्हटलं.
त्यांना हेच मानवतं.